तारे न पाहण्याची पदवी

मनुष्यजातीने आजवर ज्या ज्या विद्या निर्माण केल्या त्यांपैकी बहुतेकींच्या बाबतीत असा अनुभव आहे की, विद्येचे जे नाव तेच तिच्या अभ्यासकाचे नित्यकर्म असते. म्हणजे वैद्यकाचा विद्यार्थी रोगी पाहतो, वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी झाडेझुडपे पाहतो, आणि कायद्याचा विद्यार्थी, निदान परीक्षा तोंडावर आली म्हणजे, कायदा पाहतो. या सर्वसाधारण नियमास एकच ठळक अपवाद असून तो म्हणजे खगोलशास्त्र व खगोलभौतिकी या विषयाची एम. एस्सी. ही पदवी होय. ज्याने बालपणी गच्चीवर पाठ टेकून सप्तर्षी मोजले, शाळेत असताना ग्रहणाच्या दिवशी जेवण सोडून काळ्या काचेमागे उभा राहिला, आणि केवळ आकाशाच्या ओढीने हा मार्ग धरला, अशा तरुणास आकाशापासून दोन वर्षे सुरक्षित अंतरावर ठेवण्याची जी सुविहित योजना विद्वानांनी आखली आहे, तिचे निकट अवलोकन करण्याचा योग आम्हास अलीकडे आला. कारण आमची पुतणी पुण्यास याच विषयाचे अध्ययन करते, आमच्याच घरी राहते, आणि तिच्या खोलीला जी एकमेव खिडकी आहे तिच्यावर तिने, डासांच्या भयाने, जाड पडदा लावलेला आहे.

हा विषय तिने घेतला तेव्हा आप्तवर्गात जे औत्सुक्य उत्पन्न झाले त्याचे स्वरूप अशा प्रसंगी सर्वत्र असते तेच होते. गणपतीत आरतीस जमलेल्या मंडळींपैकी आमच्या भगिनींनी, म्हणजे मुलीच्या आत्याबाईंनी, ग्रहताऱ्यांच्या शिक्षणाची वार्ता ऐकताच पिशवीतून आपल्या चिरंजीवांची पत्रिका बाहेर काढली, आणि "नोकरीचे योग तेवढे बघून दे गं," अशी आज्ञा केली. "आत्या, आम्हाला पत्रिका शिकवत नाहीत," असे मुलीने सांगितले, तेव्हा, "पहिलंच वर्ष ना तुझं? दुसऱ्या वर्षाला असेल," असे म्हणून आत्याबाईंनी उलट तिचेच सांत्वन केले. मुलगी शास्त्राची असल्यामुळे तिने प्रमाण पुढे ठेवले. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर यांनी, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांच्या साह्याने, १०० हुशार व १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा मिळवून त्यांच्या पत्रिका मांडविल्या, आणि त्यांतील ४०-४० पत्रिका ज्योतिषांकडे धाडून, कोणती कोणत्या मुलाची ते ओळखण्याचे आवाहन केले. २७ ज्योतिषांची उत्तरे आली, आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरीने शेकडा ४६ भरले, म्हणजे नाणे उडवून निकाल लावला असता तरी तो याहून किंचित बराच लागण्याचा संभव होता. आत्याबाईंनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले, आणि "त्या २७ जणांत आमचे गुरुजी होते का?" एवढाच प्रश्न विचारला. याचे उत्तर मुलीपाशी नव्हते. सबब प्रकरण तेथेच आत्याबाईंच्या बाजूने निकालात निघाले.

पुढे एका स्थळाकडून, "मुलीला मंगळ आहे का?" अशी रीतसर पृच्छा आली, तेव्हा दुर्दैवाने फोन मुलीनेच घेतला, आणि मंगळ सर्वांनाच असून त्याला स्वतःला फोबोस व डीमॉस असे दोन चंद्र आहेत, ही माहिती तिने अत्यंत आस्थेने पुरविली. ते स्थळ पुढे आले नाही.

आता प्रत्यक्ष अभ्यासक्रमाकडे वळू. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात तारा औषधालाही सापडत नाही. यामिकी, पुंजयामिकी, विद्युतगतिकी, सांख्यिकीय भौतिकी आणि गणिती पद्धती या पाच विषयांचा असा काही वेढा विद्यार्थ्याभोवती पडतो की, गोल्डस्टीन आणि जॅक्सन या ग्रंथकारांची जाडजूड पुस्तके उशाशी घेऊन निजणाऱ्या त्या जीवाला, आपण येथे कशासाठी आलो होतो, याचे विस्मरण दिवाळीच्या सुमारास पूर्ण झालेले असते. पुण्याची गोष्ट वेगळी अशासाठी की, येथे आठवण करून देणारे स्थळ विद्यापीठाच्या आवारातच आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या आणि चार्ल्स कोरिया या वास्तुशिल्पज्ञांनी आखलेल्या आयुका संस्थेच्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. व्याख्यानास जाणारी आमची पुतणी त्यांच्यावरून मान खाली घालून जाते, कारण या चौघांपैकी किमान दोघांचे एखादे समीकरण तिच्या वहीत आदल्या रात्रीपासून अर्धवट पडलेले असते.

दुसऱ्या वर्षी ताऱ्याचे आगमन होते. परंतु तो कोणत्या अवस्थेत येतो! "समजा, तारा हा वायूचा परिपूर्ण गोल आहे, तो स्वतःभोवती फिरत नाही, त्यास चुंबकत्व नाही, आणि त्याच्या पृष्ठभागावर काहीही घडत नाही," अशा प्रस्तावनेनंतर फळ्यावर चार विकलक समीकरणे मांडली जातात, आणि त्या चौकटीबाहेर ताऱ्याने पाऊल टाकू नये अशी उभयपक्षी समजूत असते. एस. चंद्रशेखर हे १९३० सालच्या जुलैअखेर, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मुंबईहून आगबोटीने विलायतेस निघाले असता, वाटेत त्यांनी असे गणित केले की, श्वेतबटू ताऱ्याचे वस्तुमान एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. ही मर्यादा आज सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात. १९३५ साली एडिंग्टनसारख्या श्रेष्ठ पंडिताने भर सभेत त्याची वासलात लावली, आणि नोबेल पारितोषिक यावयास १९८३ साल उजाडले. तेच गणित आता तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेत आठ गुणांकरिता सोडवावयास येते, आणि विद्यार्थ्याला आगबोटही मिळत नाही.

या शास्त्रातील मापनपद्धती तर जिज्ञासूने अवश्य पाहावी अशी आहे. ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याचा जो शिरस्ता हिप्पार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाच्या काळापासून चालत आला, त्यात सर्वांत तेजस्वी तारे पहिल्या प्रतीचे आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. म्हणजे आकडा जितका मोठा तितका तारा मंद. १८५६ साली नॉर्मन पॉगसन यांनी, जे पुढे मद्रासच्या वेधशाळेचे सरकारी ज्योतिर्विद झाले, पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट तेज असे सूत्र घालून या उलट्या कारभारास गणिताची सनद दिली; तेव्हापासून व्याधाची प्रत उणे १.४६, पौर्णिमेच्या चंद्राची उणे १२.७ आणि सूर्याची उणे २६.७ आहे, आणि आकाशात सर्वाधिक उजेड पाडणाऱ्यांच्या नावे सर्वाधिक तूट लिहिलेली आढळते. विश्वातील सामान्य द्रव्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश हायड्रोजन आणि जवळजवळ उरलेले सर्व हेलियम असल्यामुळे, बाकीचे सारे, म्हणजे आपण श्वासावाटे घेतो तो प्राणवायू आणि ज्याच्यावर आपला देह उभा आहे तो कार्बनसुद्धा, या मंडळींनी 'धातू' या एकाच किरकोळ सदरात टाकून दिले आहे. सूर्याचे वस्तुमान ते ग्रॅममध्ये लिहितात, जे दोनावर ३३ शून्ये इतके भरते; उलट अंतर सांगताना ३.२६ प्रकाशवर्षांचा पार्सेक वापरतात, आणि तोही हजारांनी, लाखांनी. अशा प्रमाणावर हिशेब करू लागल्यावर बारीकसारीक चुकांची क्षिती कोण बाळगणार? वर्तुळाच्या परिघाचा जो सुप्रसिद्ध पाय, त्याची किंमत ३ धरली तरी चालते, घाई असल्यास १ धरली तरीही. उत्तर दहापटीच्या आत आले म्हणजे प्राध्यापक समाधान पावतात. ही सवय घरात शिरली म्हणजे मात्र अनवस्था ओढवते. पाहुण्यांसाठी दूध किती आणू, असे सौभाग्यवतींनी एकदा विचारले असता मुलीने पुस्तकातून डोके वर न काढता, "साधारण एक लिटर, फार तर दहा," असे उत्तर दिले.

या विद्येचे खरे अंतरंग आम्हास उमगले ते निराळ्याच वाटेने. आमची सारी हयात महसूल खात्यात गेली. एके दिवशी मुलीच्या टेबलावर पडलेल्या ताऱ्यांच्या याद्या सहज चाळल्या, आणि असा साक्षात्कार झाला की, ज्याला आपण आजवर अनंत, अगम्य, अपौरुषेय समजत होतो, ते आकाश वस्तुतः एक अवाढव्य तहसील कचेरी आहे. प्रत्येक ताऱ्याची विषुवांश आणि क्रांती यांनी चतुःसीमा निश्चित केलेली; विषुवांश मात्र तास-मिनिटांत आणि क्रांती अंशांत, कारण दोन्ही मापे एकाच परिमाणात असावीत असा आग्रह आमच्याही खात्यात कधी कोणी धरला नव्हता. एकाच व्याधाची नोंद कोठे आल्फा कॅनिस मेजोरिस, कोठे एचडी ४८९१५, तर कोठे हिप ३२३४९ अशी, म्हणजे खातेदार एक आणि खातेउतारे अनेक. शिवाय पृथ्वीचा आस दर वर्षी सुमारे ५० विकला सरकत असून सुमारे २६,००० वर्षांत त्याची एक फेरी पुरी होते; त्यामुळे सगळ्या आकाशाच्या चतुःसीमा हळूहळू हलतात, आणि उतारा १९५० सालचा की २००० सालचा हे दाखल्यावर लिहावे लागते. आमच्याकडे खातेदार मयत झाला म्हणजे फेरफार होई. येथे खातेदार जागच्या जागी धडधाकट असून जमीनच पायाखालून सरकते. ही मोजणी काही हलक्या हातांनी झालेली नाही. हैदराबादेस नवाब जफर जंग यांनी स्वखर्चाने उभारलेली वेधशाळा १९०८ साली निजाम सरकारच्या ताब्यात आली, आणि निजामिया या नावाने पुढे तिने आकाशाच्या आपल्या वाट्यास आलेल्या पट्ट्याची छायाचित्रे घेऊन सात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने नोंदविली. सात लाख नोंदी, आणि एकाही खातेदाराचा तक्रारअर्ज नाही! असा तालुका आमच्या वाट्याला आला असता तर आम्ही बढतीदेखील नाकारली असती.

परंतु वेध घेण्याचा प्रसंग कधीतरी येतोच, आणि त्यासाठी विद्यार्थ्यांना नारायणगावजवळील खोडद येथे नेतात. टोमॅटो आणि द्राक्षांच्या त्या मुलखात डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. एक नव्हे, तर प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांपैकी १४ मधोमध एकवटलेल्या आणि उरलेल्या १६ तीन दिशांना फाकलेल्या तीन रांगांत, अशा सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. या दुर्बिणीला डोळा लावण्याची सोयच नाही, कारण ती प्रकाश पाहत नसून रेडिओलहरी टिपते. तिला रात्र लागत नाही, ढगांची अडचण होत नाही, आणि माणसाचे तर तिला काहीच प्रयोजन नाही. तेथे मोबाइल बंद ठेवावे लागतात, कारण दूरच्या दीर्घिकेहून आलेल्या संदेशापेक्षा आईने "जेवलीस का?" असे विचारण्यासाठी केलेला फोन कितीतरी पटींनी प्रखर ठरतो. मुलगी परत आली तेव्हा घरातील सर्व मंडळी तिच्याभोवती गोळा झाली. "काय दिसलं?" "हायड्रोजन." "कसा होता?" "आलेखात एक उंचवटा आला." मंडळी पांगली. आम्ही मात्र खोदून विचारले, तेव्हा असे कळले की, हायड्रोजनचा अणू आपल्या दोन अवस्थांपैकी वरच्या अवस्थेतून खालच्या अवस्थेत उतरताना २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो, आणि हा निर्णय आपण होऊन घेण्यास त्यास सरासरीने एक कोटी वर्षे लागतात. इतके रेंगाळलेले प्रकरण आमच्याही खात्यात झाल्याचे स्मरत नाही. तथापि अणूंची संख्याच अगणित असल्यामुळे कोणता ना कोणता अणू क्षणोक्षणी निकाली निघत असतो, आणि विश्वाचे दैनंदिन कामकाज तुंबत नाही. प्रशासनाचे हे रहस्य आम्हास निवृत्तीनंतर कळावे, याचा विषाद वाटतो.

प्रकाश पाहणाऱ्या दुर्बिणीही आहेत, नाही असे नाही. पुणे जिल्ह्यात गिरवली येथे आयुकेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. परंतु मोठ्या दुर्बिणीवर बसावयाचे तर आधी अर्ज करावा लागतो. कोणता पदार्थ, का, किती वेळ, आणि तो दिसल्याने मानवी ज्ञानात कोणती भर पडेल याची तपशीलवार कैफियत मांडावी लागते. समिती बसते, छाननी होते, मागितल्याहून कमी मंजूर होते, आणि मंजूर रात्री आभाळ भरून आले तर मुदतवाढ मिळत नाही. आषाढ-श्रावणात तर मेघराजाच सर्व अर्ज एकगठ्ठा फेटाळतो. सर्व योग जुळून आले तरी विद्यार्थी दुर्बिणीजवळ नसतोच; तो शेजारच्या खोलीत संगणकासमोर स्वेटर घालून बसलेला असतो, आणि ज्या ताऱ्याचा प्रकाश शेकडो वर्षे प्रवास करून त्याच्या डोक्यावर येऊन ठेपला, तो त्याला पडद्यावरील चौकोनी ठिपक्यांच्या रूपाने दर्शन देतो. अशा मनुष्याचा चंद्राविषयीचा दृष्टिकोन सामान्यजनांहून किती भिन्न असतो, हे आम्हास कोजागरीला प्रत्ययास आले. सारे आळीकरी गच्चीवर आटीव दुधात चांदणे पाहत असता ही मुलगी कपाळाला आठ्या घालून उभी होती. अंधूक दीर्घिका पाहणाऱ्यांच्या दृष्टीने पौर्णिमा म्हणजे दर महिन्यास येणारा अपशकुन असून, अवसेच्या रात्रीच काय तो शुभमुहूर्त असतो. आत्याबाईंना हे ऐकून मुलीच्या शिक्षणाविषयी नव्यानेच शंका येऊ लागली आहे.

इतके सव्यापसव्य करून विद्यार्थी शेवटी शिकतो तरी काय? शेवटच्या सत्रातील प्रबंधाच्या निमित्ताने मुलगी महिनोन्‌महिने पायथॉन नामक संगणकभाषेत आज्ञावली लिहीत बसली होती. दुसऱ्या कोणी, कोठल्याशा दुर्बिणीने, ती शाळेत असताना घेतलेल्या निरीक्षणांची ती छाननी होती. निष्कर्ष काय निघाला, असे आम्ही विचारले तेव्हा तिने एक आकडा सांगितला, आणि लगेच त्याच्या पुढे 'अधिक-उणे' असे म्हणून दुसरा आकडा सांगितला. हा दुसरा आकडा म्हणजे आपली चूक साधारणपणे किती असू शकेल याचा साधार अंदाज. आणि आमचा असा अभिप्राय झाला आहे की, दोन वर्षांचा सारा खटाटोप या दुसऱ्या आकड्यासाठीच असतो.

त्याचे महत्त्व या शास्त्राच्या पूर्वेतिहासावरून ध्यानात येते. विश्वाच्या प्रसरणाचा वेग दर्शविणारा जो हबल स्थिरांक, तो १९२९ साली स्वतः हबल यांनी सुमारे ५०० असा काढला. त्यावरून विश्वाचे वय दोन अब्ज वर्षांच्या आसपास येई, आणि पृथ्वीवरचे खडक मोजले तर पृथ्वीच त्याहून वडील ठरे. पुढे कित्येक वर्षे एक पक्ष ५० वर आणि दुसरा १०० वर अडून बसला. आज विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारणावरून काढलेला आकडा ६७ च्या आसपास येतो, जवळपासच्या ताऱ्यांच्या व स्फोटांच्या आधारे काढलेला ७३ च्या आसपास येतो. दोन्ही पक्षांचे अधिक-उणे इतके लहान आहेत की एकाच्या मर्यादेत दुसरा बसत नाही, आणि दोन्ही पक्ष आपापले कागदपत्र पुनःपुन्हा तपासत आहेत. येथे जी गोष्ट आम्हास विलक्षण वाटली ती अशी की, एवढा मोठा वाद चालू असता कोणीही चूक दडवीत नाही. उलट आपली चूक किती असू शकेल हे प्रत्येकजण आपल्या सहीनिशी छापून टाकतो. आमच्या पस्तीस वर्षांच्या सेवेत एकाही मोजणीदाराने बांधाच्या लांबीपुढे अधिक-उणे लिहिल्याचे पाहण्यात नाही. आत्याबाईंचे गुरुजीही विवाहयोगाच्या सालापुढे ते लिहीत नाहीत. आणि निवडणुकीच्या सभेत ते कोणी उच्चारले तर अनामत रक्कम जप्त होईल. आपले ज्ञान कोठे संपते ते ठिकाण मोजून तेथे खूण रोवण्याची विद्या शिकविणाऱ्या शाळा, आमच्या अल्प माहितीप्रमाणे, या देशात फार थोड्या आहेत. आणि ही पदवी जर दोन वर्षे आकाश न दाखवता ते शिकवीत असेल, तर सौदा महाग पडला असे आम्ही म्हणणार नाही.

सबब, ज्या पालकांच्या घरी ताऱ्यांचे वेड लागलेले मूल आहे त्यांना आमची सूचना अशी: मुलाला केवळ तारे पाहावयाचे असतील तर त्यास एक बरीशी द्विनेत्री दुर्बीण घेऊन द्यावी, पुण्यात १९४४ पासून चालत आलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी मंडळींच्या स्वाधीन करावे, आणि अवसेच्या सुमारास गावाबाहेर पाठवावे; त्याचा आनंद आयुष्यभर टिकेल, आणि परीक्षाही द्यावी लागणार नाही. परंतु मूल जर, "हे यांना कशावरून कळलं, आणि किती खात्रीनं?" असे विचारू लागले असेल, तर त्याला बिनदिक्कत एम. एस्सी.ला घालावे. भौतिकशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासक्रमात ताऱ्यांचा धडा नसतो, हे त्याला आधीच सांगून ठेवावे. गणित मात्र घरूनच पक्के करून पाठवावे.